मुठीतले देव

क्रिकेटचा सामना असो की गल्लीतला विटीदांडूचा डाव, पहिली पाळी कोणाची हे ठरवायचे झाले की आपण नाणे उडवतो आणि विचारतो, ‘छापा की काटा?’ प्राचीन रोममधली पोरेही हेच करत. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. ती ओरडत, ‘डोके की जहाज?’ मॅक्रोबियस नावाच्या लेखकाने ही हकिगत इसवी सनाच्या पाचव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. गंमत अशी की, तोपर्यंत जहाजाचे नाणे टांकसाळीतून बाहेर पडायचे बंद होऊन कित्येक शतके लोटली होती. नाणे गेले, पण शब्द राहिला. आपल्याकडे १९५७ साली दशमान पद्धत आली आणि आणे गेले, तरी एखादी गोष्ट पूर्ण पटली की आपण अजून ‘सोळा आणे खरे’ म्हणतोच की!

हे ‘डोके’ होते कोणाचे? ते होते एका देवाचे, यानुसचे. त्याला दोन तोंडे. एक पुढे पाहणारे, एक मागे पाहणारे. तो दारांचा, उंबरठ्यांचा, आरंभाचा देव. आपण ज्याला जानेवारी म्हणतो तो महिना याच देवाच्या नावाचा. ओविड हा कवी रोमन सणवारांवर लिहीत असताना थेट यानुसलाच विचारतो की बाबा रे, नाण्याच्या एका बाजूला तुझे दुतोंडी डोके आणि दुसऱ्या बाजूला जहाज, हे असे का? देव उत्तर देतो की फार पूर्वी शनिदेव सॅटर्न जहाजातून या देशात आला, त्याची ती आठवण आहे. उत्तर इतिहासाला धरून आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न. खिशातल्या किरकोळ नाण्यावर काय आहे आणि ते का आहे, असे कोणाला तरी विचारावेसे वाटत होते.

रोमन नाणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सोन्याची मोहोर येते. दक्षिण भारतात अशी सोन्याचांदीची नाणी हंड्यांनी सापडली आहेत. पण आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या गरीब भावंडांविषयी, म्हणजे काशाच्या, तांब्याच्या आणि पितळेच्या नाण्यांविषयी. सोने व्यापाऱ्याच्या आणि सरदाराच्या पेटीत असे. भाकरी विकणाऱ्या बाईच्या, हमालाच्या, गुलामाच्या मुठीत असे ते काशाचे नाणे. पाँपेई शहरातल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले आहेत. एका ‘आस’ला साधी दारू, दोनला त्याहून बरी आणि चारला नामांकित फालेर्नियन. हा ‘आस’ म्हणजेच ते नाणे. सामान्य माणसाशी राज्यकर्ते रोज बोलत, ते या नाण्यातून. त्या बोलण्यात देव फार असत. ते का, आणि ऐकणारे त्यावर काय म्हणत, हे आज पाहायचे आहे.

सुरुवातीला रोममध्ये नाणे असे नव्हतेच. काशाचे ओबडधोबड तुकडे वजनावर घेतले जात. त्याआधी संपत्ती म्हणजे गुरेढोरे. लॅटिनमध्ये गुरांना ‘पेकुस’ म्हणतात आणि पैशाला ‘पेकुनिया’. आपल्या ‘पशु’ शब्दाचा तो सख्खा भाऊ. आपल्याकडे ‘गोधन’ म्हणतात, त्यातली भावना हीच. पुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात साच्यात ओतलेली जाडजूड नाणी आली. त्यांतला पहिला आस साधारण एका रोमन पौंडाचा, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या घरातला होता. असे चार आस घेऊन बाजारात जायचे म्हणजे किलोचे वजनच खांद्यावर घेऊन जायचे!

इसवी सनापूर्वी २२५ च्या सुमारास यानुस आणि जहाजाच्या नाळेची ती प्रसिद्ध मालिका सुरू झाली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. आस म्हणजे बारा ‘उंकिया’. (औंस आणि इंच हे दोन्ही शब्द या उंकियातूनच आले.) पूर्ण आसावर यानुस. अर्ध्यावर सॅटर्न. एक तृतीयांशावर विद्येची आणि युद्धाची देवी मिनर्व्हा. चतुर्थांशावर हर्क्युलिस. षष्ठांशावर व्यापाराचा देव मर्क्युरी. आणि सर्वांत लहान उंकियावर शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम नगरीच देवीच्या रूपात. मागच्या बाजूला सर्वांवर तीच जहाजाची नाळ. किंमत कळावी म्हणून ठिपके असत. चार ठिपके म्हणजे तृतीयांश, तीन म्हणजे चतुर्थांश. आता बघा, ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ठिपके मोजता येत होते आणि देव ओळखता येत होता. हर्क्युलिसच्या डोक्यावरचे सिंहाचे कातडे आणि मर्क्युरीची पंख लावलेली टोपी पोरासोरांनाही ठाऊक. म्हणजे देवाचे चित्र हे भक्तीइतकेच हिशेबाच्या सोयीचे होते. देव आणि दाम यांची ही जोडी पहिल्यापासूनची.

ती जोडी आणखी एका ठिकाणी दिसते. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर यूनो मोनेता या देवीचे देऊळ होते. ते इसवी सनापूर्वी ३४४ मध्ये बांधले गेले आणि पुढे रोमची टांकसाळ त्याच्याच आश्रयाला उभी राहिली. देवीच्या या ‘मोनेता’ नावावरून इंग्रजीतला ‘मनी’ आला आणि टांकसाळीसाठीचा ‘मिंट’ही. आज जगभर माणसे उठता-बसता एका विसरलेल्या देवीचे नाव घेत असतात आणि कोणाच्या ते गावीही नसते.

हॅनिबलशी चाललेल्या दीर्घ युद्धात रोमच्या तिजोरीची दैना झाली, आसाचे वजन भराभर घटले आणि इसवी सनापूर्वी २११ च्या सुमारास चांदीचे नवे नाणे आले. एका नाण्याचे दहा आस. ‘दहाचे’ म्हणून त्याचे नाव देनारियस. हाच शब्द आपल्याकडे संस्कृतात ‘दीनार’ होऊन आला आणि अरबी मुलखात अजून चलनात आहे. म्हणजे दीनाराच्या नावाची मुळे काशाच्या दहा नाण्यांत आहेत. पुढे भाव बदलून एका देनारियसचे सोळा आस झाले. आपल्या रुपयाचे आणेही सोळाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.

इथपर्यंत नाण्यावर देव होता आणि माणसाला तिथे जागा नव्हती. चित्र बदलले ते ज्यूलियस सीझरपासून. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये त्याने जिवंतपणीच आपला चेहरा रोमच्या नाण्यांवर आणला आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. त्याच्या दत्तक मुलाने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसने, मेलेल्या सीझरला देव म्हणून घोषित करून घेतले आणि काशाच्या नाण्यावर एका बाजूला ‘दैवी ज्यूलियस’ व दुसऱ्या बाजूला स्वतःला ‘देवाचा पुत्र’ असे कोरवले. सत्तेसाठी याहून मोठा पुरावा कोणता? पुढे त्याने चलनाची घडी नव्याने बसवली. पिवळ्याधमक पितळेचा मोठा सेस्टर्शियस, त्याच्या निम्म्या किमतीचा दुपाँडियस आणि तांबड्या तांब्याचा आस. चार आसांचा एक सेस्टर्शियस. या नाण्यांवर ‘एस सी’ ही दोन अक्षरे ठळक असत, म्हणजे ‘सेनेटच्या ठरावाने’. चेहरा सम्राटाचा, मान सेनेटला आणि पाठीशी देव, अशी ती तिहेरी व्यवस्था होती.

सम्राट जिवंतपणी रोममध्ये स्वतःला उघडपणे देव म्हणवून घेत नसे. तो ‘पोंटिफेक्स मॅक्सिमस’, म्हणजे मुख्य पुरोहित असे. नाण्यांवर ही पदवी येते आणि तिच्याबरोबर पूजेची उपकरणी येतात. तीर्थ ढाळायची पळी, शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी, हातपाय धुण्याचा तांब्या. आपल्या देवघरातली पळी-पंचपात्री आठवावी अशीच ही चित्रे आहेत. सम्राट मेला आणि सेनेटने मान्यता दिली की मग तो देव. नाण्यावर ‘देवपदी प्रतिष्ठापना’ असा शब्द आणि आत्म्याला वर नेणारा गरुड. सम्राज्ञी असेल तर गरुडाऐवजी यूनोचा मोर. अंतोनायनस पायस या सम्राटाची पत्नी फाउस्टिना इसवी सन १४० च्या सुमारास वारली, तेव्हा तिच्या स्मरणार्थ इतकी नाणी पाडली गेली की आज जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहांत ती हमखास भेटतात.

याशिवाय नाण्यांवर एक निराळाच देवीगण होता. पाक्स म्हणजे शांती. कॉन्कॉर्डिया म्हणजे एकोपा. फिदेस म्हणजे विश्वास. स्पेस म्हणजे आशा. ती हातात कळी धरून, वस्त्र जरा उचलून पुढे पाऊल टाकते. सालूस म्हणजे आरोग्य. ती सापाला भरवते. फोर्टुनाच्या हातात जहाजाचे सुकाणू, कारण नशीब कोणत्या दिशेला वळवेल ते सांगता येत नाही. इक्विटासच्या हातात तराजू. अनेक पाश्चात्त्य पुस्तकांत यांना ‘गुणांची रूपके’ म्हटलेले असते. मला ते अपुरे वाटते. यांतल्या अनेकींची रोममध्ये खरीखुरी देवळे होती, वेदी होत्या, त्यांना नैवेद्य दाखवला जात होता. देवीमाहात्म्यात देवीला बुद्धी, निद्रा, क्षुधा, शांती, श्रद्धा अशा रूपांत नमस्कार केलेला आहे. ज्या समाजात गुण आणि देवी यांत अशी भिंत नसते, तिथे वाढलेल्या आपल्यासारख्यांना रोमन नाण्यावरची ही ‘आशा’ चटकन कळावी.

मात्र या देवींना कामाला लावले होते, हेही विसरू नये. नीरोच्या एका सेस्टर्शियसवर धान्यदेवता सेरेस बसलेली आहे, समोर अन्नपुरवठ्याची देवी अन्नोना उभी आहे, मध्ये वेदीवर धान्याचे माप आणि मागे जहाज. रोमला धान्य येई ते प्रामुख्याने इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून. एकट्या ऑगस्टसच्या काळात रोममधल्या दोन लाखांवर लोकांना फुकट धान्य मिळत होते. जहाज चुकले की दंगल. त्यामुळे ‘तुमच्या पोटाची काळजी देव घेतो, म्हणजेच मी घेतो’ हे सम्राट त्या नाण्यातून सांगत होता. नीरोचेच आणखी एक नाणे आहे. यानुसच्या देवळाची दारे युद्धकाळात उघडी आणि सर्वत्र शांतता असली तरच बंद, अशी रोमची प्रथा. नीरोच्या नाण्यावर ती दारे बंद दाखवली आहेत आणि लिहिले आहे की जमिनीवर आणि समुद्रावर रोमन जनतेसाठी शांतता मिळवून त्याने यानुसची दारे लावली. इसवी सन ६५ च्या सुमारास ही नाणी निघू लागली. आणि ६६ मध्ये ज्युदियात, म्हणजे जेरुसलेमच्या मुलखात, बंड पेटले.

त्या मुलखाची कहाणी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण नाण्यावरचा देव किती जड होऊ शकतो हे तिथे कळते. ज्यू धर्माला मूर्ती आणि चित्र वर्ज्य. याची जाण ठेवून रोमन अधिकारी तिथे पाडलेल्या काशाच्या लहान नाण्यांवर सम्राटाचा चेहरा घालत नसत. खजुराचे झाड, धान्याची कणसे असली निरुपद्रवी चित्रे घालत. पाँटियस पायलेट, ज्याच्या आज्ञेने येशूला क्रुसावर चढवले, त्याने मात्र इसवी सन २९ ते ३१ या काळात आपल्या नाण्यांवर रोमन पूजेची पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी घातली. चेहरा नव्हता, पण परक्या देवाच्या पूजेचे साहित्य होते. भाजी घ्यायला गेलेल्या ज्यू माणसाला ते हातात धरावे लागत होते.

६६ च्या बंडात ज्यूंनी पहिले काम काय केले असेल, तर स्वतःची नाणी काढली. त्यांच्या काशाच्या नाण्यांवर द्राक्षाचे पान, सुरई आणि ‘सियोनचे स्वातंत्र्य’ हे शब्द आहेत. सत्तर साली रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले. मग वेस्पेशियनचे ते प्रसिद्ध सेस्टर्शियस आले. खजुराच्या झाडाखाली गुडघ्यात मान घालून बसलेली स्त्री आणि अक्षरे: ‘ज्युदिया जिंकला’. एवढ्यावर थांबले नाही. पूर्वी ज्यू पुरुष दरवर्षी जेरुसलेमच्या मंदिराला अर्धा शेकेल देत. आता तेवढीच रक्कम रोमच्या ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून द्यायची, आणि ती बायकामुलांनीही, असा हुकूम निघाला. रोमचे हे देऊळ यादवी युद्धात जळले होते, वेस्पेशियनने ते पुन्हा बांधले आणि नाण्यांवर मिरवले. ज्याचे देऊळ पाडले त्यानेच पाडणाऱ्याच्या देवळासाठी पैसे मोजायचे!

पुढे डोमिशियनच्या काळात या कराच्या वसुलीत चहाड्यांना ऊत आला. इतिहासकार सुएटोनियस सांगतो की, आपण तरुणपणी भर दरबारात एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे की नाही हे तपासताना पाहिले. डोमिशियननंतर आलेल्या नेर्व्हाने इसवी सन ९६-९७ मध्ये एक सेस्टर्शियस काढला. त्यावर पुन्हा तेच खजुराचे झाड. पण आता खाली रडणारी स्त्री नाही. अक्षरांचा अर्थ असा की, ज्यू करातल्या खोट्या आरोपांचा जाच दूर केला. कर गेला नाही, जाच गेला. तरी एका साम्राज्याने आपल्या चलनावर ‘आमच्याकडून जुलूम होत होता’ असे कबूल करावे, ही गोष्ट सोपी नाही. त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हाती हे नाणे पडले असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

शेवटचा अंक हेड्रियनच्या काळातला. त्याने जेरुसलेमच्या जागी एलिया कापितोलिना नावाची रोमन वसाहत उभारायचे ठरवले. नावातच ज्युपिटरची ती कॅपिटोल टेकडी आहे. तिच्या काशाच्या नाण्यावर बैलजोडी धरून नांगरणारा संस्थापक आहे. नव्या नगराची सीमा नांगराने आखायची, हा रोमनांचा पवित्र विधी. रोमनाला तो शुभारंभ, ज्यूला तो आपल्या पवित्र शहरावरून फिरवलेला नांगर. पुण्यावर एकदा गाढवाचा नांगर फिरला आणि पुढे सोन्याचा फिरला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे नांगर कोण फिरवतो आणि कशासाठी, यातला फरक मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. बार कोखबाच्या नेतृत्वाखाली १३२ ते १३५ या काळात दुसरे बंड झाले. बंडखोरांकडे नाण्यांसाठी वेगळी धातू नव्हती. त्यांनी रोमन नाणी घेतली, सम्राटाचा चेहरा कानशीने घासला, आणि त्यावरच ताडाची पाने, द्राक्षे, वीणा आणि ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ असे ठसे मारले. काही नाण्यांवर वरच्या ठशाखाली जुन्या रोमन नाण्याच्या खुणा अजून दिसतात. एकाच चकतीवर दोन शत्रू एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, हे अपवादाचे झाले. एरवी नाण्यावर काय आहे ते कोण पाहतो? आपण तरी कुठे पाहतो? शंका रास्त आहे. पण रोमन जगातले पुरावे वेगळे सांगतात. सुएटोनियसच्या सांगण्यानुसार, टायबेरियसच्या काळात ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचकूपात वा कुंटणखान्यात जाणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला होता. इतिहासकार डिओ सांगतो की, कराकल्लाच्या काळात अशाच कारणावरून एका तरुणाला मृत्युदंडासाठी तुरुंगात टाकले. नाण्यावर देवत्व चढवले की ते नाणे माणसाच्या जिवावर उठते, ते असे.

उलट दिशेचेही पुरावे आहेत. कॅलिगुलाचा खून झाल्यावर त्याच्या द्वेषापोटी सेनेटने त्याची काशाची नाणी वितळवायचा हुकूम काढला. स्पेनमधल्या बिल्बिलिस गावच्या नाण्यांवर सेजानुस या बड्या अधिकाऱ्याचे नाव होते. ३१ साली तो देहान्ताला गेला, तेव्हा काही नाण्यांवरून त्याचे नाव खरवडून काढलेले दिसते. आणि एपिक्टेटस, जो स्वतः गुलामीतून वर आलेला तत्त्वज्ञ, तो शिष्यांना माणसाची पारख शिकवताना दाखला देतो तो सेस्टर्शियसचाच. ट्रेजनचा ठसा आहे? मग चालेल. नीरोचा आहे? फेकून द्या, ते खोटे आहे. दाखला लोकांना कळणारा होता म्हणूनच दिला ना!

काही वेळा माणसांनी नाण्यांचे स्वतःच काहीतरी वेगळे केले. गोदावरीचा किंवा चंद्रभागेचा पूल आला की एस.टी.तली आजीबाई कनवटीचे नाणे काढून पाण्यात टाकते आणि हात जोडते. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर, हेड्रियनच्या भिंतीलगत, कोव्हेंतिना नावाच्या स्थानिक जलदेवतेचा एक झरा होता. १८७६ मध्ये तो उपसला तेव्हा तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली, त्यांत बहुतांश हलक्या धातूची. अंतोनायनस पायसचा, खिन्न बसलेल्या ब्रिटानियाचा आस तर त्यांत शेकड्यांनी होता. नाण्यावर देव रोमचा, पण ते वाहिले झऱ्यातल्या गावदेवीला. हुकूम एका देवाचा आणि नवस दुसऱ्या देवाला, असे हे सामान्य माणसाचे शहाणपण.

चौथ्या शतकात नाण्यावरचे देवच बदलले. पण एका रात्रीत नव्हे. कॉन्स्टंटाइनने ३१२ मध्ये मिल्वियन पुलाची लढाई ख्रिस्ताच्या कृपेने जिंकली असे चर्च सांगत होते, तरी पुढे काही वर्षे त्याच्या काशाच्या नाण्यांवर सूर्यदेव ‘सम्राटाचा सोबती’ म्हणून उभाच होता. ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका लहानशा नाण्यावर ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे असलेले निशाण सापाला भोसकताना दिसते. अक्षरे मात्र जुनीच, ‘लोकांची आशा’! ती कळी धरलेली आशादेवी गेली, तिचे नाव नव्या देवाने घेतले. मग ज्युलियन आला आणि ३६१ ते ३६३ या थोड्या काळात त्याने जुने देव परत आणायचा प्रयत्न केला. त्याच्या मोठ्या काशाच्या नाण्यावर बैल आणि दोन तारे आहेत. त्या बैलाचा अर्थ काय, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. पण अँटिओक शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी त्यावरून त्याची टिंगल केली, हे नक्की. यज्ञात बैल कापत सुटलेल्या राजाच्या नाण्यावर बैलच असणार, दुसरे काय!

एक देवी मात्र चिवट निघाली. पंखांची विजयदेवी व्हिक्टोरिया. ग्रेशियन या ख्रिस्ती सम्राटाने ३८२ मध्ये सेनेटच्या सभागृहातली तिची वेदी काढून टाकली. त्यावरून मोठा वाद झाला. पण त्यानंतरही काशाच्या चिमुकल्या नाण्यांवर ती कैद्याला फरफटत नेताना दिसतेच, फक्त शेजारी ख्रिस्ताचे चिन्ह आले.

ही शेवटची चिमुकली नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली आहेत. तिथे ती सुट्या पैशांसारखी वापरली जात असावीत. आपल्या बाजूला रोमन जग आले ते भडोच, कल्याण या बंदरांतून. पैठण आणि तेर या बाजारपेठांचा उल्लेख पेरिप्लस या ग्रीक प्रवासपुस्तकात आहे. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. जहाजातून सोने-चांदी येई, पण हिशेब मांडला जाई तो या पितळी नाण्यात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची काशाची सुबक मूर्ती निघाली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. तेरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकलाही मिळाल्या, भोक पाडलेल्या, बहुधा गळ्यात घालण्यासाठी. टायबेरियसच्या ज्या प्रतिमेच्या अवमानाबद्दल रोममध्ये गळा जाई, तीच प्रतिमा इथे गळ्यातला दागिना झाली.

म्हणून मला वाटते, नाण्यावर देव कोणता हे पाहून त्या काळच्या लोकांची श्रद्धा ठरवू नये. तो देव राजाने दिलेला असतो. लोकांचे उत्तर शोधायचे ते नाण्याच्या घासटीत, खरवडलेल्या नावात, दुसऱ्यांदा मारलेल्या ठशात आणि झऱ्याच्या तळाशी. आपल्या शिवराईवर तर देवाचे चित्र नाहीच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढीच अक्षरे. शिवराईला पूजा म्हणून कोणी हुकूम काढला नाही. तरी ते तांब्याचे नाणे महाराष्ट्रात कित्येक घरांच्या देवघरात, टाकांच्या शेजारी, हळद-कुंकू लावून ठेवलेले आजही दिसते.